सोयरिक, साखर आणि माझा डावा पाय

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो गेला त्याला आठ महिने झाले. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "नाना, तुम्ही एवढं बोलता, तर लिहून काढा. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल." उपयोग होईल असं मला काही वाटत नाही. पण दिवसभर पडून राहायचं, पत्र्याकडं बघत बसायचं आणि जो अंगठा राहिलाच नाही तो खाजतोय म्हणून जीव नकोसा करून घ्यायचा, त्यापेक्षा वहीवर रेघोट्या ओढलेल्या बऱ्या. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं झालं तसं आहे.

मी सोयरिकी जुळवायचो. वाटूरच्या जवळ आमचं गाव. थोडी शेती आहे, मोसंबीची बाग आहे, पण परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी या सगळ्या बाजूला लोक मला ओळखतात ते सोयरिकीमुळं. कुणाचा मुलगा कुठं नोकरीला आहे, कुणाच्या मुलीचं शिक्षण किती झालं, कोणतं घर बोलायला गोड आणि वागायला कडू, हे मला तोंडपाठ असायचं. पंचवीस वर्षांत किती लग्नं जमवली ते मोजलं नाही. लग्नात फेटा बांधला, पहिल्या पंगतीला मानानं बसवलं, की माझं पोट भरायचं. अंगात थोडा गर्वही होता, तो आता सांगायला हरकत नाही.

चहाला नाही म्हणायचं नसतं

आमच्या कामात एक गोष्ट पक्की. समोर आलेल्या चहाला नाही म्हणायचं नाही. मुलगी बघायला गेलेला माणूस जर "आत्ताच झाला" म्हणून कप बाजूला सारायला लागला, तर मुलीचा बाप समजून जातो की स्थळ पसंत नाही. तोंडानं कुणी काही बोलत नाही. कपच बोलतो. मी स्वतः कितीदा तरी नुसत्या कपावरून ओळखलं आहे की हे काही जमायचं नाही, आणि उठायच्या आत दुसरं स्थळ डोक्यात चाळायला सुरुवात केली आहे.

तुळशीचं लग्न झालं की आमची धावपळ सुरू. दिवसाला पाच-सहा घरं व्हायची. एका घरी आल्याचा एक चहा, निघताना दुसरा. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर त्या घरच्या बाईला नंतर बोलणी बसतात, म्हणून प्रत्येक घरी एक चमचा जास्तच. ऊन तापलं की चहाच्या जोडीला थंडा. मी लहान होतो तेव्हा पाहुण्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी मिळायचं. आता आमच्या एवढ्याशा गावात चार किराणा दुकानं आहेत आणि चारही दुकानांत काचेच्या दाराचा फ्रिज आहे. घरात दूध नसलं तरी चालतं, पाहुणा आला की बाटली येते. ती येताना दिसली की गल्लीतली पोरं दारात जमतात, कारण पाहुण्यांचं झाल्यावर तळाशी उरलेलं त्यांना मिळतं. पाहुणा कोण, कुठला, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. एखाद्या दुपारी बाटली आली नाही तर चेहरे पडतात.

मीही त्या पोरांतलाच. मला ते नारिंगी पाणी मनापासून आवडायचं. घरी असलो तरी दुकानावर जाऊन एक बाटली उभ्या उभ्या संपवायचो.

मग मला तहान लागायला लागली. अशी तहान की तांब्या तोंडाला लावला की रिकामाच खाली यायचा. पाण्यानं भागेना म्हणून थंडा प्यायचो. थंड्यानं घटकाभर बरं वाटायचं आणि परत घसा कोरडा. बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं ऐन रंगात आलेलं आणि मी लघवीला उठलेलो. मध्यस्थ मध्येच उठला की दोन्ही बाजूंना वाटतं की काहीतरी बिनसलं. एकदा तर मुलाचा मामा माझ्यामागं बाहेर आला आणि हळूच विचारतो, "नाना, काही भानगड हाय का? खरं सांगा."

माझी बायको कौसल्या म्हणायची, "उष्णता झाली तुमाला. ऊन डोक्यावर घेऊन हिंडता." तिनं सब्जा भिजवून दिला. भरपूर साखर घालून दिला. थकवा जावा म्हणून ग्लुकोजची पावडर आणली, तीही मी दिवसातून दोनदा घेतली. ज्यानं मी आजारी पडलो होतो, तेच आम्ही औषध म्हणून घेत होतो. यात तिची चूक नाही. तिला कुणी सांगितलं होतं?

चार महिन्यांत सदरे ढगळ झाले. "अवं, आरशात बघा तरी. खांद्यावरून कापड लोंबून राह्यलं," कौसल्या म्हणाली. तेव्हा कुठं मी जालन्याला गेलो.

रामराव, मुक्काम अंबड

रक्त तपासायच्या खिडकीवरल्या मुलीनं नाव विचारलं. माझ्या मागं रांगेत एक ओळखीचा चेहरा होता, त्याच्या पुतणीचं मीच जमवलं होतं. मी म्हणालो, "रामराव. मुक्काम अंबड." का म्हणालो ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं. बहुतेक मनाला आधीच शंका आली होती.

दुपारी कागद तयार झाले. खिडकीतून "रामराव, रामराव" अशा हाका सुरू झाल्या आणि मी बाकड्यावर बसून, हा कोण रामराव इतका वेळ लावतोय म्हणून वैतागत होतो. चौथ्या हाकेला डोक्यात उजेड पडला.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. कागद बघून त्यांनी आधी मला पाणी प्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला शुगर आहे, रामराव. आजची नाही, बरीच जुनी असणार. इतकी वाढलीय की तुम्ही चालत कसे आलात याचंच मला नवल वाटतंय. चहा किती घेता दिवसाला?"

"सीझनमध्ये पंधरा होतेत. कधी वीस."

"बिनसाखरेचा घ्या. आणि थंड पेयं आजपासून बंद. पूर्ण बंद."

मी हसलो. त्यांना राग आला. म्हणाल्या, "हसण्यासारखं काय आहे? उपचार घेतलेत तर माणूस व्यवस्थित जगतो. डोळे, किडनी, पाय सगळं सांभाळता येतं. नाही घेतलेत तर मात्र एकेक जातं." मी मान हलवली. त्या बाई खरं बोलल्या होत्या आणि मला तेव्हाही ते पटलं होतं. मला कुणी अंधारात ठेवलं असं मी म्हणू शकत नाही.

बाहेर येऊन मी बसस्टँडवर बसलो आणि रडलो. मरायची भीती वाटली म्हणून नाही. घरात अर्चना होती, माझी एकुलती एक मुलगी, तेविसावं चालू होतं, आणि त्याच वर्षी तिचं बघायचं होतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन "मला बिनसाखरेचा" म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत चार गावांत झालं असतं की नानाला शुगर आहे. पुढचं वाक्य मला पाठ होतं. त्या घरात शुगर आहे. आई-बापाला असली तर पोरीला येणार, पोरीला आली तर नातवाला येणार, बघा बुवा.

ते वाक्य मला पाठ होतं, कारण मीच ते वापरत आलो होतो. मुलाकडच्यांनी हळूच विचारलं की मी तितक्याच हळू सांगायचो, "घर चांगलं हाय, पण घरात शुगर हाय." तीन मुलींची स्थळं मी या एका वाक्यानं मोडली आहेत. त्यातली एक अजून घरात आहे. तिचा बाप मला बाजारात भेटला की राम राम घालतो. त्याला ठाऊक नाही.

घरातली चोरी

कौसल्येला त्याच दिवशी सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग उठली आणि दार लावून घेतलं.

"अर्चीचं होऊस्तोवर कुणाला सांगायचं न्हाई," ती म्हणाली.

"आणि अर्चीला?"

"तिला तर बिलकुल न्हाई. ती लग्नालाच न्हाई म्हणल."

तेव्हापासून आम्ही घरात चोरासारखे राहिलो. एकटे असलो की माझा चहा बिनसाखरेचा, शेजारचं कुणी आलं की कौसल्या त्यांच्यादेखत माझ्या कपात साखर घालायची आणि माझ्याकडं बघायची नाही. गोळ्या पित्ताच्या डबीत. संपल्या की आणायला जालन्यालाच जायचं, इथल्या मेडिकलवाल्याला कळता कामा नये. कधी जाणं जमायचं नाही, मग पंधरा-पंधरा दिवस गोळी नाही. आणि बाहेर पडलो की पुन्हा तेच. घरोघर चहा, घरोघर थंडा, "घ्या नाना, संकोच करू नका." मी संकोच केला नाही.

आमची भांडणं व्हायला लागली. आमच्या घरात आवाज चढायचा नाही, तो चढायला लागला. एकदा अर्चनानं विचारलं, "बाबा, तुमचं आईशी काय चालून राह्यलं?" मी म्हणालो, "तुझ्या लग्नाचं टेन्शन." ते खोटंही नव्हतं.

सहा ग्लास

हसनाबादकडचं एक स्थळ आलं. मुलगा संदीप, बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर, घरी शेती, निर्व्यसनी, बोलायला शांत. त्याच्या पाठीवर एक बहीण, पूजा. एवढं चांगलं स्थळ मी दुसऱ्या कुणाच्या मुलीला जाऊ देणार नव्हतो.

चैत्रातली दुपार होती. बैठकीत संदीप, त्याचे वडील, मामा, आमच्याकडून मी, माझा मेहुणा आणि गावचे पाटील. अर्चना ट्रे घेऊन आली. सहा ग्लास, काठोकाठ नारिंगी थंडा. सगळ्यांनी ग्लास उचलले. संदीपनं उचलला आणि तसाच खाली स्टुलावर ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेऊन तो पुढं सरकून बसला.

पंचवीस वर्षं ज्या खुणेवरून मी घरं ओळखली ती माझ्या स्वतःच्या मुलीसमोर उभी राहिली. पोरानं ग्लास ठेवला, म्हणजे पोरगी पसंत नाही. अर्चना अजून ट्रे धरून तिथंच उभी होती. मी उठलो, तो ग्लास उचलला आणि संदीपच्या हातात दिला. "घ्या पाहुणे. आमच्या घरचं गोड लागत न्हाई का काय?"

सगळे हसले. संदीपनं वडिलांकडं बघितलं. "घे की," ते म्हणाले. त्यानं डोळे मिटून एका दमात ग्लास रिकामा केला. त्याला सोबत म्हणून मीही माझा रिकामा केला. सोयरिक जमली.

आता जे सांगतो ते सगळ्यात लाजिरवाणं आहे. दुसऱ्याच्या बैठकीत मी नेहमी एक प्रश्न विचारायचो, "घरात काही दुखणं-बाणं?" सरळ, सगळ्यांदेखत. ते माझं कामच होतं. त्या दिवशी मी तो प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर त्यांनीही विचारला असता, आणि मेहुण्यासमोर, पाटलांसमोर मला तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. मी गप्प बसलो. तेही गप्प बसले. मला वाटलं, माणसं किती भली आहेत.

बापाचं काळीज

लग्न वैशाखात झालं. आमच्या घराण्यात मुलीचा बाप वऱ्हाडासमोर चप्पल घालत नाही. नवरदेव मारुतीच्या पारापासून मंडपापर्यंत वाजतगाजत आला, तेवढा वेळ मी सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी हात जोडून उभा होतो. माझ्या शेजारी मेहुणा अनवाणी होता, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता, शेवटी पळत सावलीला गेला. मी जागचा हललो नाही. मला चटका बसतच नव्हता. नुसतं कोमट लागत होतं.

लोक कौतुक करायला लागले. पाटील म्हणाले, "बापाचं काळीज पहा. पाय भाजून राह्यले पण तोंडावर दाखवना." मला छान वाटलं. लेकीच्या लग्नाच्या आनंदात कळत नसेल असं मी धरून चाललो. तळवे केव्हाच मेले होते हे मला दवाखान्यात कळलं.

पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी कौसल्येनं माझ्या पायाकडं बघून ओरडून तोंडावर हात धरला. डाव्या तळव्यावर तळहाताएवढा फोड होता, तो फुटून चादरीला चिकटला होता. मला दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून मी हळद लावली आणि परतावणीला लेक-जावई येणार म्हणून तयारीला लागलो. आता पोरगी नांदायला गेली होती, आता तरी सरळ डॉक्टरांकडं जायचं ना? पण नवी सोयरिक, नवे पाहुणे, एवढ्यात कशाला, असं आम्ही दोघांनी ठरवलं. फोडाचं गळू झालं. एका सकाळी अंगठा काळा दिसला.

वॉर्ड

जालन्याच्या दवाखान्यात आधी अंगठा काढला. मग आणखी दोन बोटं. मग डॉक्टरांनी कौसल्येला बाहेर बोलावलं, आणि ती आत आली तेव्हा तिच्या हातात सहीचा कागद होता. मीच म्हणालो, "कर सही." तिला सही करता येते, पण त्या दिवशी तिनं अंगठा उठवला.

वॉर्डात आम्ही नऊ जण होतो आणि नऊही जणांचे पायच. सकाळी सहाला बोटाला टोचून साखर बघायची, सातला इंजेक्शन, आठला बिनसाखरेचा चहा, दहाला ड्रेसिंग. ड्रेसिंगची गाडी दारात वाजली की सगळे गप्प व्हायचे. माझ्या शेजारच्या कॉटवर भोकरदनकडचे एक आजोबा होते, त्यांचे दोन्ही पाय गेले होते. गाडी माझ्याकडं यायला लागली की ते माझा हात घट्ट धरायचे, सोडायचे ते पट्टी पूर्ण झाल्यावरच. त्यांच्याशी माझं फार बोलणं झालं नाही. पण त्या हातासाठी मी जन्मभर त्यांचा ऋणी राहीन.

भेटीची वेळ झाली की नातेवाईक यायचे. प्रत्येकाच्या पिशवीत काय? आंब्याच्या रसाची बाटली, गोड बिस्किटं, ग्लुकोजचा डबा. "अशक्तपणा आलाय, ताकद यिल." पाय सडलेल्या माणसाच्या उशाशी ते सगळं रचून ठेवायचे. सिस्टर चिडून चिडून थकल्या होत्या. माझ्या गावची माणसं आली तेव्हा माझ्याही उशाशी तीन बाटल्या जमा झाल्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं, तरी माझ्या तोंडून "घेऊन जा" निघालं नाही.

पाय काढल्यावर पाचव्या दिवशी अर्चना आली. सासरचे आधी पाठवत नव्हते, नवी नवरी दवाखान्यात कशाला म्हणून. तिनं पांघरूण बाजूला करून बघितलं आणि पुन्हा नीट घातलं. "कवापासून हाय?" तिनं विचारलं. वर्ष झालं, मी सांगितलं. तिनं मनात हिशोब केला असणार. रडली नाही.

तेवढ्यात सिस्टर आल्या. घरी गेल्यावर इंजेक्शन कसं द्यायचं ते त्या कौसल्येला शिकवत होत्या. कौसल्येला सुईचं टोपणच निघेना. अर्चनानं तिच्या हातातून सिरींज घेतली. बाटली उलटी धरली, औषध ओढलं, नखानं टिचकी मारून बुडबुडा वर काढला, माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचली. मला कळलंसुद्धा नाही.

"अगं वा! कुठं शिकलीस?" सिस्टर कौतुकानं म्हणाल्या.

अर्चनानं सुईला टोपण लावलं. तिच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो आणि मला सगळं समजलं.

संदीपला बारावीपासून शुगर आहे. दिवसातून तीन वेळा इंजेक्शन. त्यांच्या फ्रिजमध्ये पुढं थंड्याच्या बाटल्या असतात आणि मागं, मिरच्यांच्या डब्यात, त्याचं औषध. लग्नानंतर आठ दिवसांनी अर्चनाला ते सापडलं. "मी विचारलं तर आत्याबाई म्हणल्या, तुझ्या बापानं विचारलं न्हाई म्हून आमी सांगितलं न्हाई," तिनं सासूचं बोलणं सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जावई

मी घरी आल्यावर संदीप एकटा भेटायला आला. कुबड्या भिंतीला लावलेल्या होत्या, त्यांच्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "मामा, एक सांगू का? त्या दिवशी मी ग्लास खाली ठिवला व्हता ना, ते सांगायसाठीच ठिवला व्हता. घरून ठरवून आल्तो. म्हणलं पोरीच्या बापाला सांगावं, मंग हो म्हणू द्या न्हाई तर न्हाई. तुमी ग्लास हातात दिला अन् माझी हिंमतच गेली."

तो वाईट मुलगा नाही. औषध वेळेवर घेतो, अर्चनाला जपतो. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं तेच त्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं आहे, की नीट राहिलात तर संसार होतो, लेकरंबाळं होतात, सगळं होतं. कदाचित सगळं सांगूनसुद्धा आम्ही त्याला मुलगी दिली असती. अर्चनाला विचारलं असतं तर तिनं कदाचित हो म्हटलं असतं. तिला कुणी विचारलंच नाही. तिच्या वतीनं दोन्हीकडच्या बापांनी तोंड शिवून घेतलं.

मी आता माझ्या गल्लीतल्या पोरांना बाटली पिऊ नका म्हणून सांगतो. ती माझ्या पायाकडं बघून हसतात. दुकानवाल्याला म्हटलं, निदान लहान लेकरांना तरी देऊ नको. तो म्हणाला, "नाना, तुमीच तर रोजचं गिऱ्हाईक व्हते." खोटं काय बोलला तो?

शब्द

दिवाळीनंतर व्याही आले. चहा घेतला, तब्येत विचारली आणि मग घसा खाकरून म्हणाले, "नाना, आमच्या पूजाचं बघायचंय. तुमचाच हात लागू द्या. अन् संदीपचं ते... घरातल्या घरात राहू द्या."

ते गेल्यावर मी अर्चनाला म्हणालो, "मी कुणाला शब्द देणार न्हाई. पाय गेला तेवढं पुरे झालं." ती माहेरपणाला आलेली, चौथा महिना चालू. ती माझ्या कॉटवर येऊन बसली.

"बाबा, तुमच्या तोंडून बाहेर पडलं अन् पूजाचं मोडलं तर ते घर मला जगू द्यायचं न्हाई. मला तिथंच राहायचंय."

पूजाला काही नाही असं म्हणतात. कुणी तपासलेलं नाही. तपासायचं नाव काढलं तरी बाहेर कळेल ही भीती.

मागच्या आठवड्यात घनसावंगीकडून एका गृहस्थाचा फोन आला. मी ओळखत नव्हतो, ते मला नावानं ओळखत होते. म्हणाले, "नाना, तुमचे व्याही म्हून विचारून राह्यलो. पोरगी चांगली हाय, आमच्या पोराला पसंत हाय. मला एकच लेकरू. घरात काही दुखणं-बाणं? तुमी म्हणसाल ते बराबर."

माझा प्रश्न. मी जो विचारायला हवा होता तो. हा माणूस सरळ विचारत होता, आणि मी त्याला दोन मिनिटांत सगळं सांगू शकलो असतो. अर्चना दारात उभी होती. फोन कुणाचा ते तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तिनं पोटावर हात ठेवला होता आणि ती माझ्याकडं बघत होती.

"काही न्हाई," मी म्हणालो. "बिलकुल बिनघोर राहा."

"झालं मंग! तुमच्या शब्दावर चाललो बघा."

परवा पूजाचा साखरपुडा झाला. मी गेलो नाही. पाय नाही हे कारण सगळ्यांना पटलं.